राखण हे काम आहे का?

माणूस झाडावरून पडला की घरचे विचारतात, कितपत लागलं? डॉक्टर विचारतात, केव्हा पडला? मी विचारते, झाड कोणाचं? ऐकणाऱ्याला हे फार निष्ठुर वाटतं. पण रत्नागिरीच्या कोर्टात कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे चालवता चालवता माझे केस पांढरे झाले, आणि ह्या प्रश्नावाचून माझं आजवर कधी भागलेलं नाही.

एकदा हात गळ्यात बांधलेला एक गृहस्थ आला. मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. तो म्हणाला, "सासऱ्याचं." सासऱ्याने मजुरी देऊन चढवलेलं नव्हतं, जावईबापू हौसेने चढले होते. मी सांगितलं, दावा होत नाही. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "बाई, मग शेजारच्या बागेतल्या कलमावरून पडलो असं लिहिलं तर? तो बागायतदार मोठा आहे हो, त्याला काय फरक पडतो?" मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. जाताना दारात थांबून म्हणाला, "पुढच्या वेळी आधी तुम्हाला विचारूनच चढतो." अशी माणसं भेटतात म्हणून ह्या धंद्यात टिकून राहिले.

ज्यांचा कोर्टाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कायदा तसा सोपा आहे. मालकाची चूक होती हे कामगाराला सिद्ध करावं लागत नाही. मालक अगदी देवमाणूस असला तरी चालतो. पाहायचं इतकंच की हा माणूस त्याच्याकडे कामाला होता का, आणि जे झालं ते कामामुळे, कामावर असताना झालं का. मग कमावण्याची ताकद किती गेली ते डॉक्टर लिहून देतात, वय आणि पगार धरून भरपाई निघते. नुसती पडझडच नव्हे, आजारही त्यात येतो. लांज्याच्या बाजूची एक काजू सोलणारी बाई माझ्याकडे आली होती. टरफलाच्या तेलाने तिच्या हातांची सालपटं निघाली होती. मालकाचं म्हणणं, हे घरच्या साबणाने झालं. जबाबावर अंगठा उठवायला सांगितला तर कागदावर नुसता शाईचा डाग. रेषाच उरल्या नव्हत्या. कारकुनाने दुसरा अंगठा घेतला, तोही तसाच. मला त्या दिवशी फारसा युक्तिवाद करावा लागला नाही.

बऱ्याच मालकांनी कामगारांचा विमा उतरवलेला असतो. तसं असलं की भांडण मालकाशी राहत नाही, विमा कंपनीशी होतं. आणि कंपनीच्या वकिलाकडे दोन हुकमी वाक्यं असतात. एक, हा कामगारच नाही. दोन, तो त्या वेळी कामावर नव्हता. कायद्यांची नावं बदलतात, कलमांचे आकडे बदलतात, पण ही दोन वाक्यं काही बदललेली नाहीत. त्यांना पुरून उरणं हाच माझा धंदा, आणि तो मला चांगला जमतो, हे सांगायला मला कसलाही संकोच वाटत नाही.

गंगारामच्या दाव्यात मात्र दुसरं वाक्य खुद्द गंगारामनेच म्हटलं.

गंगाराम आतल्या गावचा. आरे-वारेच्या रस्त्याला वरच्या कातळावर एक मोठी आंब्याची बाग आहे, तिथे तो वर्षानुवर्षं गडी होता. त्याचे वडीलही त्याच बागेत. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णा तसे भले गृहस्थ. गड्यांची नावानिशी चौकशी करणारे, वेळेवर मजुरी देणारे. बँकेने कर्ज देताना सांगितलं म्हणून असेल, पण गड्यांचा विमाही त्यांनी उतरवलेला होता.

आता राखण म्हणजे काय, ते बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. बागेचा, शेताचा, पाणवठ्याचा. दिसत नाही, पण असतो. आंबा उतरवायला सुरुवात करण्यापूर्वी अमावास्येला त्याला नारळ आणि कोंबडा द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्याने मागणं मागायचं, तिथेच शिजवून तिथेच जेवायचं. घरी काही आणायचं नाही. ह्याला राखण देणं म्हणतात. अण्णांच्या घरात मांसाहार नाही, त्यांच्या हातून कोंबडा होत नाही. म्हणून नारळ आणि कोंबडा अण्णांचा, आणि देणारा हात गंगारामच्या घरातला, असं आज्यापणज्यापासून चालत आलेलं. गंगारामच्या घरचा तो मान होता.

राखणदाराची जागा बागेच्या टोकाला, गडग्याच्या पलीकडे. गडगा म्हणजे दगडांची रचलेली कुंपणभिंत. वाटेत एक जुनी चिरेखाण आहे. कधीकाळी घरासाठी जांभ्या दगडाचे चिरे काढले आणि खड्डा तसाच राहिला, कडेला गवत माजलं. त्या अमावास्येला गंगाराम एका काखेत कोंबडा आणि दुसऱ्या हातात नारळ घेऊन चालला होता. कडेचा दगड निसटला आणि तो खाणीत गेला. खुब्याचं हाड मोडलं, मणक्याला मार बसला. दोन शस्त्रक्रिया झाल्या, तरी वॉकर हातात आला तो कायमचाच. झाडावर चढणं संपलं. ओझं उचलणं संपलं. मुलगी शिकत होती, घरात दुसरा कमावता कोणी नव्हता.

विमा कंपनीचा माणूस चौकशीला आला तेव्हा त्याने अण्णांना विचारलं, "त्या दिवशी बागेत काम चालू होतं का?" अण्णा सरळ माणूस. म्हणाले, "छे हो, अमावास्येला आमच्याकडे काम नसतं. राखण होती." त्याने तेवढं लिहून घेतलं, सही घेतली आणि कंपनीने दावा फेटाळला. कामावर नव्हता, स्वतःच्या देवधर्माला गेला होता. अण्णांना ह्यात आपण काही बिघडवलं हे कळलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अहो, राखणीला काम कसं म्हणू? कुणी म्हणतं का?"

खरंच कुणी म्हणत नाही. हीच तर पंचाईत होती.

गंगारामला साक्षीसाठी मी नीट तयार केलं. शेजारी त्याची बायको सुगंधा बसली होती. मी समजावलं, तुम्ही मालकाच्या सांगण्यावरून, बागेच्या कामासाठी गेला होतात, एवढंच सांगायचं. ह्यात खोटं काही नाही. गंगारामने मान डोलावली. कोकणातल्या माणसाने मान डोलावली म्हणजे त्याला पटलं असं नसतं, फक्त त्याला तुमच्याशी वाद घालायचा नसतो. इतकी वर्षं इथे राहून मला हे कळायला हवं होतं.

कंपनीचा वकील कोल्हापूरचा, तरुण आणि हुशार. आवाज न चढवता विचारणारा. असे वकील जास्त धोक्याचे.

"त्या दिवशी बागेत काम होतं का?"

"नाय सायबा. अवसेला काम नसता."

"त्या दिवसाची मजुरी मिळाली?"

"नाय."

"मग कशाला गेला होता?"

"राखन द्यायला."

"राखण देणं हे काम आहे का?"

गंगारामने माझ्याकडे पाहिलं. मी साधी भुवईसुद्धा हलवू शकत नव्हते. त्याने वॉकरवरचे हात घट्ट केले आणि म्हणाला, "नाय सायबा. ता देवाचा. ता काम नाय."

वकिलाने "थँक यू" म्हटलं आणि खाली बसला. माझा तिळपापड झाला. बाहेर आल्यावर मी वऱ्हांड्यातच गंगारामला फैलावर घेतलं. इतकं समजावून सांगितलं, आणि तुम्ही सगळं पाण्यात घालवलंत!

तो खाली बघत म्हणाला, "वकीलबाय, तुमचा म्हन्ना मना समाजला हुता. पन काम म्हटला की मजुरी आली. मजुरीवर दिल्याली राखन देवाला पोचत नाय. मग त्या साली सगली पोरा झाडावर चढली ती कोनाच्या भरवशावर?"

सुगंधा एकदम कडाडली, "पोचूदे नायतर नको पोचूदे! माज्या चुलीत काय घालू ता तुजा राखनदार येऊन सांगनार हाय काय?"

मग तिने तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले. मला तेव्हा माझ्या रागाची लाज वाटली नाही, पण राग ओसरला हे खरं. बायकोपोरीच्या तोंडचा घास जात असतानाही तो माणूस दुसऱ्यांच्या भरवशाचा विचार करत होता. त्याला मूर्ख म्हणणं सोपं होतं, पण माझ्याने म्हणवलं नाही.

आता अण्णांची साक्ष उरली होती. तिच्याआधी मी बागेत जाऊन आले. मी दावा नुसत्या कागदांवर चालवत नाही. जिथे माणूस पडला ती जागा डोळ्यांनी बघते, मग ती बोटीची फळी असो की गिरणीचा पट्टा. खाणीच्या कडेला उभी राहिले, गडगा बघितला. गडी फवारणीचा पंप धूत होते. त्यांना सहज विचारलं, "काय रे, राखण न देता आंबा उतरवायला घेतला तर?"

त्यातला एक जण हसला. "कोन घेनार? राखन झाल्याबिगर आमी झाडाला हात लावत नाय. अन्नांनी डबल मजुरी दिली तरी नाय."

मी त्या पंपाकडे बघत राहिले. फवारणीच्या आधी पंप भरावा लागतो. पंप भरताना कोणी पडला तर 'फवारणी सुरू झाली नव्हती' असं कंपनीचा वकीलसुद्धा म्हणणार नाही. परतीच्या वाटेवर मी गाडीत एकटीच मोठमोठ्याने बोलत होते. समोरून येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरने वळून बघितलं.

अण्णा साक्षीला आले ते स्वच्छ धोतर, कोट आणि घाबरलेला चेहरा घेऊन. शपथ घेतल्यावर ते खोटं बोलणार नाहीत हे मला ठाऊक होतं. गंगारामचं उत्तर त्यांनीही ऐकलेलं होतं. म्हणून 'काम' हा शब्द मी तोंडातून काढायचाच नाही असं ठरवलं.

"राखण कोणाची, अण्णा? गंगारामच्या घराची?"

"नाही. बागेची."

"बाग कोणाची?"

"माझी."

"नारळ, कोंबडा कोणाचा?"

"माझाच. दर वर्षी मीच देतो."

"मग तुम्ही स्वतः का जात नाही?"

"आमच्या हातून कोंबडा होत नाही हो. ते पूर्वीपासून त्यांच्या घराकडे आहे."

"त्या दिवशी गंगारामला कोणी पाठवलं?"

"मी पाठवलं. सकाळी आला, मी नारळ हातात दिला, नमस्कार करून गेलान."

"राखण दिल्याशिवाय आंबा उतरवायला सुरुवात करता?"

अण्णांनी मला वेड लागलंय की काय अशा नजरेने पाहिलं. "भलतंच काय! एक गडी चढेल का झाडावर? आणि चढला तर मीच उतरवीन त्याला खाली."

वकीलसाहेब उठले. श्रद्धा आणि नोकरी ह्या वेगळ्या गोष्टी आहेत, उद्या कोणी मालकासाठी नवस फेडायला जाईल आणि त्यालाही भरपाई द्यायची का, वगैरे. मुद्दा बिनतोड नव्हता, पण वाईटही नव्हता. मी त्यांच्या जागी असते तर तोच मांडला असता.

न्यायाधीश विदर्भातले होते. त्यांना राखण हा शब्दच नवा होता. इतका वेळ ते हनुवटीवर हात ठेवून ऐकत होते. त्यांनी अण्णांना स्वतः प्रश्न केला, "त्या वर्षी तुमचा आंबा उतरवला गेला का?"

"हो साहेब. थोडा उशिराने, पण उतरवला."

"पण राखण द्यायला निघालेला माणूस तर वाटेतच पडला. मग राखण दिली कोणी?"

अण्णांनी खिशातून रुमाल काढला. म्हणाले, "साहेब, बरोबरचे गडी खाणीत उतरले गंगारामला उचलायला. त्याने त्यांना हात लावू दिलान नाही. कोंबडा सुटून झाडीत गेला होता, तो आधी पकडायला लावलान. म्हणाला, आधी राखण द्या, मग मला हलवा. तिथूनच पडल्या पडल्या गाऱ्हाणं घातलंन. ते पुरं झालं, मग त्याला वर काढला. मला हे संध्याकाळी इस्पितळात कळलं."

ही गोष्ट मलाही ठाऊक नव्हती. गंगारामने ती मला सांगितली नव्हती, सुगंधालाही नाही. तिला वाटत होतं, गड्यांना तो सापडायला वेळ लागला म्हणून इस्पितळात उशिरा पोहोचला. ती मागच्या बाकावर बसली होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, आणि गंगाराम चोरी पकडल्यासारखा खाली बघत बसला. न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं, "हे सगळं घ्या."

निकाल आमच्या बाजूने लागला. ज्या गोष्टीशिवाय बागेतलं काम सुरूच होत नाही, आणि जी करायला मालकाने आपल्या गड्याला पाठवलं, ती त्याच्या नोकरीचाच भाग आहे. मग तिला कोणी काम म्हणो वा मान म्हणो. कंपनीने पूर्ण भरपाई भरावी. तरुण वकील बाहेर येऊन मला म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे असलं काही नसतं." मी म्हटलं, "असतं हो, तुम्ही विचारत नाही." जरा चढलेच होते मी त्या दिवशी, कबूल आहे. चढण्यासारखं होतंही.

भरपाई हातात आल्यावर सुगंधा पेढे घेऊन माझ्या ऑफिसात आली. मागोमाग वॉकर टेकत गंगाराम. मुलीचं कॉलेज चालू राहणार होतं, घराला लागून छोटं दुकान टाकायचं ठरत होतं. सुगंधाचं तोंड थांबत नव्हतं. गंगाराम मात्र खुर्चीत अवघडून बसला होता. शेवटी त्याने विचारलं, "वकीलबाय, निकालात काम म्हनूनच लिवलानी ना?"

"हो. म्हणून तर जिंकलो."

"मग त्या सालची राखन पोचली का नाय?"

माझ्या कपाटात नुकसानभरपाईवरची सगळी पुस्तकं आहेत. त्यांतलं एकही मी काढलं नाही. पेढा हातात तसाच धरून मी म्हटलं, "गंगाराम, ते मला सांगता येणार नाही."

"मना वाटलाच," तो म्हणाला. "मग परत द्याया होवी."

पुढच्या अमावास्येला मीही गेले. बायका राखणीला जात नाहीत, पण गंगारामने अण्णांना सांगितलं होतं, त्यांना गडग्याच्या अलीकडे उभ्या राहू देत. खाणीभोवती अण्णांनी कमरेएवढी चिऱ्यांची भिंत घालून घेतली होती. ही भिंत आधी असती तर हा लेख लिहावा लागला नसता, हे माझ्या मनात आलं आणि त्यांच्याही आलं असावं, कारण माझी नजर भिंतीवर गेली तेव्हा त्यांनी मान फिरवली. ह्या खेपेस नारळ आणि कोंबडा गंगारामचा होता, त्याला कोणी पाठवलेलं नव्हतं. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा राखणीला आले होते. ते माझ्याशेजारी उभे राहिले. सुगंधा माझ्या दुसऱ्या बाजूला.

गड्यांनी गंगारामला धरून गडग्यापलीकडे नेलं. राखणदाराचा दगड शेंदरी नव्हता, मोठा नव्हता, सांगितला नसता तर ओळखू आला नसता. गंगारामने वॉकर सोडला, एका गड्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाण्यात एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला हुंकार द्यायचा असतो.

"बा म्हाराजा, ह्या बागंच्या राखनदारा, आज ह्यो नारल-कोंबडा तुज्या पायाशी ठेवलाय, तो मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या अन्नांचा, त्येंच्या बागंचा, झाडावर चढनाऱ्या समद्या पोरांचा रक्षन कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अण्णांचा आवाज पहिल्यांदा निघाला, जरा चिरका.

"कोरटात जा काय बोलला ग्येला, ता पोटासाटी बोलला ग्येला, ता मनात धरू नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे सुगंधाने म्हटलं, सगळ्यांच्या आधी.

मग मान वळवून गंगारामने गडग्याअलीकडे माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा दगडाकडे तोंड केलं.

"आमच्या वकीलबायनं तुजा मान काम म्हनून लिवून घ्येतलान. ती शिकल्याली बाय, तिला समाजला नाय. तिची चूक पोटात घाल, आनि तिला सुखात ठेव म्हाराजा!"

गडी थांबले. अण्णा थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते. कोर्टात माझी चूक मी आजवर कधीच कबूल केलेली नाही, आणि ह्यात तर माझी चूक नव्हतीच. ते काम होतं. त्या दिवशीही होतं, आजही माझं मत तेच आहे, आणि कुठल्याही न्यायाधीशापुढे मी ते पुन्हा सिद्ध करून दाखवीन.

"व्हय म्हाराजा!" मी ओरडले. सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.